समितीवरच्या बाईने भत्ता मागावा का?

पत्र

ताई, मी वकील आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर अडीच वर्षांपूर्वी माझी सदस्य म्हणून नेमणूक झाली. बैठकीला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. एसटीने जाण्यायेण्यातच पाच तास मोडतात. त्या दिवशीची कोर्टातली कामं सहकाऱ्यावर टाकते, नाहीतर पुढची तारीख घेते, आणि मग अशील कुरकुरतात. बैठकीचा भत्ता दोनशे रुपये. तोही वर्षभर मिळालेला नाही. मागच्या वेळी विचारलं तर कार्यालयातले एक बाबू सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर समाजसेवेसाठी आलात ना?" मी गप्प बसले. सासरे म्हणतात, सरकारचा पैसा म्हणजे लोकांचाच पैसा, असल्या कामाचे घेऊ नयेत. नवरा म्हणतो, राजीनामा देऊन मोकळी हो. सध्या एक चौकशी सुरू आहे आणि त्या बाईकडे पाहिलं की पैशांचं बोलायची मलाच लाज वाटते. त्यातच इथल्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने त्यांच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बोलावलंय. फी किती घेणार, असं त्यांनीच विचारलं. काय सांगू?

— एक सदस्या (नाव-गाव छापू नये, ही विनंती)

उत्तर

ताई,

आधी उत्तर देऊन टाकते. भत्ता मागा. लेखी मागा, राहिलेल्या सगळ्या तारखांचा मागा. राजीनामा आत्ता देऊ नका. आणि कंपनीकडून फी घ्या, पण तिच्या अटी तुम्ही ठरवा. तिन्हींची कारणं सांगते. ही अडचण एकट्या तुमची नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

ज्या वाचकांना ही समिती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. पण कापडाचं दुकान, गल्लीतला दवाखाना, छोटी पतसंस्था, चार बायका कामाला असलेलं पापडाचं युनिट इथल्या बाईने जायचं कुठे? आणि छळ करणारा खुद्द मालकच असेल तर? अशा तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिला साक्षीदाराला समन्स काढून बोलावण्याचे, शपथेवर जबाब घेण्याचे, कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा. शेवटी समिती शिफारस करते, आणि मालकाने किंवा जिल्हा अधिकाऱ्याने (या कायद्यासाठी सरकारने जिल्ह्यात नेमलेला अधिकारी) त्यावर ६० दिवसांत कार्यवाही करायची असते.

समिती फक्त शिफारस करते म्हणून तिला हलकं समजणारे खूप आहेत. तुम्ही वकील आहात, तुम्हाला हे माहीतच असेल, पण तुमच्या सासऱ्यांना जरूर सांगा. विशाखा निकालातले, म्हणजे हा कायदा येण्याआधी सर्वोच्च न्यायालयानेच कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध घालून दिलेले नियम कागदावरच राहताहेत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. म्हणजे सहीची शेवटची ओळ दुसऱ्याची असली तरी खरं-खोटं ठरवण्याचं काम तुम्ही करता. एखाद्याची नोकरी राहणार की जाणार आणि एखादी बाई पुन्हा कामावर ताठ मानेने जाणार की नाही, हे तुमच्या त्या पानांवर ठरतं.

आता पैसे. २०१३ च्या नियमांत स्थानिक समितीच्या अध्यक्षांना दिवसाला २५० रुपये आणि सदस्यांना २०० रुपये भत्ता लिहिला आहे, वर प्रवासखर्च. समजा, एका तक्रारीला सहा बैठका लागल्या. अध्यक्षांचे १,५०० आणि भत्ता मिळणाऱ्या दोन सदस्यांचे मिळून २,४००. झाले ३,९०० रुपये. एका बाईच्या छळाच्या संपूर्ण चौकशीत निवाडा करणाऱ्यांवर सरकारचा खर्च एवढाच, आणि तोही द्यायचं राहून जातं.

हा आकडा किती मागे पडलाय ते पाहायला रोजगार हमीची मजुरी घ्या. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्रात ती दिवसाला १६२ रुपये होती, म्हणजे तुमचा भत्ता तेव्हा तिच्यापेक्षा थोडा वर होता. २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ झाली. भत्ता दोनशेच. रोहयोची मजुरी जास्त आहे असं मी मुळीच म्हणत नाही, तीही कमीच आहे. पण ती निदान दरवर्षी बघितली जाते. समितीच्या भत्त्याकडे कुणी वळून पाहिलेलं नाही.

आणि हा भत्ता कामकाज चालवण्याच्या दिवसाचा आहे. तक्रार वाचणं, दोन्ही बाजूंच्या जबाबांतली विसंगती शोधणं, व्हॉट्सअ‍ॅपच्या छापील पानांवर तारखा जुळवणं, पुढच्या बैठकीत कुणाला काय विचारायचं याची यादी करणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अहवाल लिहिणं, यांतल्या कशालाच पैसे नाहीत. समितीत कायदा कळणारी तुम्ही एकट्या असाल, तर अहवाल तुमच्याच गळ्यात पडत असणार. मी अशा समित्यांवरच्या अनेक जणींशी बोलले आहे. रात्री घरातली निजानीज झाल्यावर अहवाल लिहायला बसणं हे जवळपास प्रत्येकीने सांगितलं. त्या अहवालाला पुढे अपिलात आव्हान मिळणार असतं. एक वाक्य सैल राहिलं तर सगळी चौकशी कोसळते. असलं काम फुकटात आणि अर्धवट झोपेत करून घेणं हा तक्रारदार बाईवरही अन्याय आहे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावरही.

इथे गोव्यातलं एक प्रकरण आठवतं. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये आलेल्या तक्रारींवर चौकशी झाली, शिक्षा झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौकशी घाईघाईत उरकली आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, हे कारण. तिथे वाद भत्त्याचा नव्हता, हे स्पष्ट सांगते. पण प्रक्रिया नीट पाळायची तर वेळ द्यावा लागतो, आणि कुणाचा तरी दिवस मोडतो. तो दिवस फुकट मिळेल असं धरून चाललं की उरकून टाकण्याची सवय लागते. चौकशी चुकली की तक्रार करणाऱ्या बायका आणि आरोप झालेला माणूस, दोघांचीही चौदा वर्षं जातात. वकिलांच्या फिया आणि कोर्टांचा वेळ वेगळाच. सरकारच्या पैशाची काळजी करणाऱ्यांनी हा खर्च मोजावा. याच प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा बजावलं की प्रत्येक जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती झालीच पाहिजे. समित्या कागदावर आल्या. त्यांना चालवण्याचे पैसे कुठून येणार, हे आता तुमच्यासारख्या सदस्यांनीच विचारायचं आहे.

सासऱ्यांचं म्हणणं मी तुच्छतेने उडवणार नाही. लोकांचा पैसा जपून वापरावा हा संस्कार चांगला आहे, आणि समितीवरची जागा म्हणजे कमाईचं साधन होऊ नये हेही खरं. पण भत्ता न देण्याचा परिणाम काय होतो ते त्यांनी बघावं. तालुक्याहून येणारी, रोजच्या कमाईवर घर चालवणारी बाई दोन-चार बैठकांनंतर येईनाशी होते. मग उरतात जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, पेन्शन असलेल्या किंवा नवऱ्याचा भक्कम आधार असलेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी मनापासून काम करतात, त्यांना मी कमी लेखत नाही. पण वीटभट्टीवरच्या बाईची तक्रार ऐकताना तिच्या जगाची माहिती असणारं एकही माणूस समोर नसेल, तर काही प्रश्न कुणाला सुचतच नाहीत. मुकादमाने उचल कापली हा छळाचा भाग होता की नेहमीचा व्यवहार, हे कळायला ते जग जवळून पाहिलेलं असावं लागतं. सदस्यांपैकी किमान एक बाई अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली हवी, असं कायदा सांगतो तो याचसाठी. नेमणूक तर तिची करायची आणि बसच्या भाड्यालाही तिने पदरमोड करायची, याने कायद्याचा हेतू साधत नाही.

यातली सगळ्यात मोठी चूक मला कायद्याच्या मजकुरातच दिसते. समितीवर तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत काम करणारी एक महिला सदस्य असते. तिला आणि पदसिद्ध अधिकाऱ्याला भत्त्यातून वगळलं आहे. अधिकाऱ्याचं समजू शकते, त्यांना पगार आहे आणि हे त्यांच्या कामातच येतं. पण ही दुसरी बाई? ती कुठेतरी नोकरी करते म्हणून तिचा दिवस फुकट धरायचा? तिचीही रजा खर्ची पडते, किंवा दिवसाचा पगार कापला जातो. तुमच्या समितीतल्या अशा मैत्रिणीला एकदा विचारा, तिचं कसं चाललंय. तिचा मुद्दा मी पुढे घेते.

समाजसेवेच्या टोमण्याबद्दल एकच सांगते. हा कायदा ज्या विशाखा निकालातून उगवला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरीदेवी आहेत. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून तुटपुंज्या मानधनावर त्या काम करत होत्या. १९९२ मध्ये बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सरकारचं काम बाईने सेवा म्हणून करावं आणि किंमत तिनेच मोजावी, ही रीत तेव्हापासून आपल्यासमोर आहे. भंवरीदेवींच्या प्रकरणातून उगवलेल्या कायद्याखाली तरी ही रीत चालू ठेवू नये.

आता कसं मागायचं. आजवर तोंडी विचारलंत, म्हणून तोंडी टोमणा मिळाला. नियमांप्रमाणे भत्ता देण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची आहे, बाबूंच्या मर्जीचा इथे संबंध नाही. म्हणून पत्र जिल्हा अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि समितीच्या सदस्य-सचिवांमार्फत पाठवा. एका पानाचा तक्ता जोडा: बैठकीची तारीख, प्रकरण क्रमांक, हजेरीपत्रकातली सही, भत्ता, प्रवासखर्च. प्रकरणातली नावं, गाव, आस्थापना यांपैकी काहीही लिहू नका. कायद्याने ते गुप्त ठेवायचं असतं आणि बिलाच्या कागदावरून फुटलेली माहितीही फुटलेलीच. (तुम्ही मला लिहिलेल्या पत्रातही सुरू असलेल्या चौकशीचा तपशील टाळलात, ते फार बरं केलंत.) आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शक्य असेल तर अध्यक्ष आणि दुसऱ्या सदस्यांनीही त्याच दिवशी आपापली बिलं द्यावीत. एकटीने मागितलं की ती पैशाची लोभी ठरते, सगळ्यांनी मागितलं की तो कार्यालयीन विषय होतो.

महिनाभरात हालचाल झाली नाही तर स्मरणपत्र द्या. तरीही शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. दोन गोष्टी विचारा: स्थानिक समितीच्या भत्त्यांसाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद झाली, आणि त्यातली किती खर्च पडली. या भत्त्यांसाठी केंद्र राज्याला अनुदान देऊ शकेल आणि राज्य ते जिल्हा अधिकाऱ्याकडे पोचवेल, अशी सोय कायद्याच्या आठव्या कलमात आहे. पैसा कुठे अडलाय हे त्या उत्तरातून समजेल. कदाचित कार्यालयाने मागणीच नोंदवली नसेल. माझा अंदाज विचाराल तर बऱ्याच ठिकाणी गाडं इथेच अडतं: बिलंच येत नाहीत, म्हणून मागणी जात नाही, म्हणून तरतूद होत नाही. सदस्यांच्या संकोचातून सरकारी कागदावर असं उभं राहतं की या समितीला पैशाची गरजच नाही.

दरवर्षी समितीने जिल्हा अधिकाऱ्यांना वार्षिक अहवाल द्यायचा असतो, आणि त्याचा गोषवारा ते राज्य सरकारला पाठवतात. यंदाच्या अहवालाला एक टिपण जोडायला अध्यक्षांना सांगा. वर्षात किती बैठका झाल्या, किती दिवस अहवाल लिहिण्यात गेले, किती भत्ता थकला, आणि भत्त्याचा दर बदलायला हवा, अशी समितीची स्पष्ट मागणी. दर बदलणं केंद्राच्या हातात आहे, एका टिपणाने ते होणार नाही हे मलाही कळतं. पण सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातल्या सरपंचांचं मानधन दुप्पट झालं. दोन हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या गावात ३,००० चे ६,००० झाले. सरपंच संघटित होते आणि मागत राहिले. स्थानिक समित्यांच्या सदस्या एकमेकींना ओळखतही नाहीत. शेजारच्या जिल्ह्यांतल्या सदस्यांचे फोन मिळवा, तिथून सुरुवात करा.

किती असावा हा दर? माझं मत विचारलंत तर महिन्याचं ठोक मानधन नको. त्याने काम असो-नसो खुर्ची हवीशी वाटणारी माणसं येतील. बैठकीला दर असावा, आणि अहवाल लिहिण्याच्या ठरावीक दिवसांनाही तोच दर असावा. तुलनेला दुसरी समिती जवळच आहे. निराधार, अडचणीतल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्या बाल कल्याण समितीच्या सदस्यांना बैठकीला किमान १,५०० रुपये द्यावेत, असं २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत आहे. दोन्हीकडे जखमी माणसाचं ऐकून घेण्याचं, कागद तपासण्याचं आणि जबाबदारीने लिहिण्याचं काम आहे. एकीकडे दीड हजार आणि दुसरीकडे दोनशे, याला मला कुठलंच कारण सापडत नाही.

राजीनाम्याचं. बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर लागतात. तुम्ही मध्येच बाहेर पडलात तर गणपूर्ती अडेल, नवी नेमणूक होईपर्यंत महिने जातील, आणि जी सदस्य येईल तिने साक्षी प्रत्यक्ष ऐकलेल्या नसतील. सुरू असलेली चौकशी पुरी करा. त्यानंतर तुमची मुदत संपायला थोडेच महिने उरतात. तेव्हा पुन्हा नेमणूक घ्यायची की नाही हे मोकळ्या मनाने ठरवा. नको वाटलं तर नाही म्हणा आणि नाही म्हणण्याचं कारण लिहून द्या. नवरा चिडून बोलतोय, पण त्याच्या चिडण्यात तुमच्या ओढाताणीची काळजी आहे असं मला वाटतं. त्याला हा हिशेब दाखवा. आणि तक्रारदार बाईसमोर लाज वाटण्याचं म्हणाल, तर तिला हवी आहे ती नीट, वेळेवर, निष्पक्ष चौकशी. तुम्ही भत्ता घेतला की सोडला, याने तिचं काहीच बिघडत नाही. तुम्ही दमून, मन उडून बसलात तर बिघडतं.

कंपनीकडे मात्र जरा सावध राहा. अंतर्गत समितीवरच्या बाहेरच्या सदस्याला नियमांत दिवसाला २०० रुपयेच आहेत, आणि ते मालकाने द्यायचे. प्रत्यक्षात अनेक कंपन्या ठरवून जास्त देतात. वकिलाचा दिवस घेताना त्यांनी ते द्यायलाच हवेत. तुम्ही एका दिवसाच्या कोर्टाच्या कामाला जे घेता त्याच्या आसपास सांगा. पण फी कामाला सुरुवात करण्याआधी लेखी ठरलेली असावी. बैठकीला इतके आणि अहवालाला इतके, निकाल कुणाच्याही बाजूने लागो. वर्षाची ठोक रक्कम घेऊ नका. आणि त्याच कंपनीकडून प्रशिक्षणाचं, करारपत्रं तपासण्याचं किंवा कोर्टाचं काम घेऊ नका. ज्याच्याकडून तीन प्रकारचे पैसे येतात त्याच्या मॅनेजरविरुद्ध लिहिताना हात जड होतो, आणि झाला नाही तरी तक्रारदाराला तसं वाटणारच.

तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्या कंपनीच्या मालकाविरुद्धच उद्या एखादी कामगार बाई तक्रार घेऊन आली, तर ती येणार स्थानिक समितीकडे. म्हणजे तुमच्याकडेच. म्हणून कंपनीचं काम स्वीकारण्याआधी जिल्हा अधिकाऱ्यांना आणि समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवा, आणि त्या कंपनीचं प्रकरण आल्यास मी बसणार नाही असं त्याच पत्रात लिहा.

आता तुमच्या त्या नोकरी करणाऱ्या सहकारी सदस्येबद्दल. तिला भत्ता मिळत नाही, पण निदान रजा तरी वाचवता येईल. प्रत्येक बैठकीआधी तिच्या कार्यालयाच्या नावे जिल्हा अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र जावं, की या दिवशी त्या शासकीय समितीच्या कामावर आहेत, हा दिवस कर्तव्यावर धरावा. खाजगी ठिकाणी मालक ऐकेलच असं नाही, पण सरकारी शिक्क्याच्या पत्राला एकदम नाही म्हणणंही त्याला अवघड जातं. आणि भत्त्यातून तिला वगळणं चुकीचं आहे, ही ओळ वार्षिक अहवालाच्या टिपणात सगळ्यात वर घाला. तिने स्वतः लिहिण्यापेक्षा तुम्ही बाकीच्यांनी लिहिलेलं जास्त चांगलं.

प्रवासखर्चात एसटीचं तिकीट जसं आहे तसं लावा. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं आहे, तेव्हा निम्मीच रक्कम लिहा. स्टँडपासून कार्यालयापर्यंतची रिक्षाही लिहा, ती नियमांत बसते. तिकिटाची शाई महिन्याभरात उडते, म्हणून घरी आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवत जा.